घरगुती यंत्रविचार : किल्ली फिरते, पण मोटार सुरू होत नाहीं

एका वाचक-भगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या घरीं सासऱ्यांच्या वेळची एक ॲम्बेसिडर आणि दिरांनीं घेतलेली, बटन दाबून सुरू होणारी नवी गाडी अशा दोन मोटारी आहेत. जुन्या गाडीची किल्ली कधीं एकदां फिरवितांच इंजिन सुरू होतें, तर कधीं सात-आठ वेळां फिरवूनहि टक् असा आवाजसुद्धां येत नाहीं. घरांतील एक वडीलधारे म्हणतात बॅटरी गेली, दुसरे म्हणतात स्टार्टर गेला, आणि मिस्त्री म्हणतो कीं दोन्हीहि बदलून टाका. 'अशा वेळीं घरच्या माणसानें काय पाहावें, आणि आडवाटेला अडकल्यास गाडी निदान घरापर्यंत कशी आणावी?' असा त्यांचा प्रश्न आहे. आम्हांस हा प्रश्न मोलाचा वाटतो, कारण अशा प्रसंगीं अज्ञानापायीं पैसा तर जातोच, पण कधीं कधीं त्याहून मोठें कांहीं जाऊं शकतें.

किल्ली ज्यांत घालतों तें कुलूप आणि विजेचा स्विच या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कुलूप पुढें असतें व स्विच त्याच्या पाठीशीं. किल्लीनें कुलपाचा गाभा फिरतो आणि तो गाभा स्विचांतील पितळी पट्ट्या एका टोकावरून दुसऱ्यावर सरकवितो. या एवढ्याशा डबीवर इतकीं कामें कशीं येऊन पडलीं याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आरंभीं समोरचा दांडा हातानें फिरवून इंजिन सुरू करावें लागे, आणि इंजिनानें उलट तडाखा दिला म्हणजे मनगट मोडत असे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यांत आला. तथापि त्यानंतरहि बरींच वर्षें किल्लीनें फक्त ठिणगीची वीज चालू होई. स्टार्टरचें बटन अथवा ओढण्याची मूठ वेगळी असे. किल्ली पुढें फिरवितांच इंजिनहि सुरू व्हावें ही सोय क्रायसलर कंपनीनें १९४९ सालीं आणली. पुढें चोरांस आळा बसावा म्हणून सुकाणूचाकाचें कुलूपहि तिलाच जोडलें गेलें. मोठ्या घरांत धाकट्या सुनेकडे एकेक काम नकळत सरकत जातें, तसेंच या स्विचाचें झालें आहे. आणि तो थकला म्हणजे दोष मात्र बॅटरीस मिळतो.

किल्लीचे बहुधा चार टप्पे असतात. पहिल्यावर सुकाणूचाक अडकलेलें असतें. दुसऱ्यावर रेडिओसारखीं उपकरणें चालतात. तिसऱ्यावर ठिणगीची कॉइल व समोरचे सूचनादीप यांना वीज मिळते. चवथा टप्पा स्टार्टरचा असून तो स्प्रिंगेचा आहे. हात सैल सोडतांच किल्ली तिसऱ्यावर परत येते. स्टार्टरला १०० ते २०० अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक प्रवाह लागतो. तेवढा या नाजूक स्विचास सोसणार नाहीं, म्हणून स्विच केवळ निरोप पाठवितो. तो निरोप सोलेनॉइड नांवाचा साहाय्यक घेतो व आपल्या आंतील जाड संपर्क जुळवून बॅटरीची वीज स्टार्टरला देतो. एवढें लक्षांत असलें म्हणजे दोष कोठें आहे हें दहा मिनिटांत समजतें.

किल्ली मुळीं फिरतच नसेल तर विजेचा संबंध नाहीं. गाडी उभी करतांना चाकें तिरपीं राहिलीं असतील तर सुकाणूच्या कुलपावर ताण येतो. सुकाणूचाक हलकेंच दोन्हीकडे डोलवीत किल्ली फिरवावी म्हणजे ती सुटते. जोर लावल्यास किल्ली आंतच मोडेल. कुलपांत खोबरेल किंवा शिवणयंत्राचें तेल घालण्याची जी चाल आहे तीहि बरी नव्हे, कारण तेलावर धूळ बसून तिचा चिखल होतो. शिसपेन्सिलींत असते ती ग्राफाइटची पूड घालावी.

किल्ली फिरली, पण समोर एकहि दिवा लागला नाहीं, तर भोंगा वाजवून पाहावा व मोठे दिवे लावावेत. पुष्कळ गाड्यांत यांना या स्विचाच्या वाटेनें वीज जात नाहीं. तेहि मेलेले असतील तर बॅटरीकडे, आणि तिच्या टोकांवर सांचलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीकडे पाहावें. उलट मोठे दिवे लख्ख आणि डॅशबोर्ड मात्र अंधारांत, असें असेल तर संशय स्विचावर, किंवा फार तर त्याच्या फ्यूजवर घ्यावा. डॅशबोर्ड उजळतो, पण चवथ्या टप्प्यावर कांहींच घडत नाहीं, ही पत्रांतील तक्रार. तिच्यांत बहुधा चवथ्या टप्प्याच्या पट्ट्या झिजलेल्या असतात. (हल्लींच्या कित्येक गाड्यांत मात्र क्लच पूर्ण दाबल्यावांचून स्टार्टर फिरत नाहीं, तेवढें आधीं पाहून घ्यावें.) टक्-टक्-टक् असा आवाज होऊन दिवे मंदावत असतील तर निरोप पोंचला आहे, शक्ति नाहीं. आणि किल्ली धरून ठेवली तोंवर इंजिन चालतें व सोडतांच बंद पडतें, हें लक्षण तर फारच बोलकें आहे: चवथा टप्पा शाबूत आहे, तिसरा गेला आहे.

आतां उपाय. चवथाच टप्पा गेला असेल तर गाडी ढकलून सुरू होते, कारण ठिणगीची वीज तिसऱ्या टप्प्यावर मिळत असते. किल्ली तिसऱ्या टप्प्यावर, गिअर दुसरा, क्लच पूर्ण दाबलेला. दोघां-तिघांनीं ढकलून गाडीस धांवत्या माणसाचा वेग आला कीं क्लच एकदम सोडावा व इंजिनानें पकड घेतांच पुन्हां दाबावा. पहिल्या गिअरमध्यें हिसका फार बसतो म्हणून दुसरा. ढकलणाऱ्यांत मुलें असूं नयेत. गाडी गचका खाऊन थबकते तेव्हां मागचा माणूस तिच्यावर आदळतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांस हा उपाय नाहीं.

ॲम्बेसिडरच्या पिढीतील अनेक गाड्यांत याहून सुरेख सोय आहे. बॉनेटखालीं बॅटरीची जाड तार जेथें जाते तेथें सोलेनॉइड असतो, व त्याच्या बुडाशीं रबराच्या टोपीखालीं एक बटन असतें. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला, किल्ली तिसऱ्या टप्प्यावर, अशी तयारी करून तें बटन दाबावें. स्टार्टर जोमानें फिरला तर बॅटरीहि निर्दोष व स्टार्टरहि निर्दोष. भगिनींनीं तें मिस्त्रीच्या देखतच दाबून दाखवावें.

तिसरा टप्पा गेला असेल तर ढकलून उपयोग नाहीं, कारण ठिणगीच पडणार नाहीं. साध्या कॉइलच्या जुन्या पेट्रोल गाडींत बॅटरीचें जें टोक गाडीच्या अंगास जोडलेलें नसेल तेथून एक जाड वेष्टणाची, मध्यें फ्यूज असलेली तार कॉइलच्या स्विचाकडील टोकास लावावी. जुन्या ल्युकास कॉइलवर त्या टोकाशीं 'एस्. डब्ल्यू.' अशीं अक्षरें असतात. मग वरील बटन दाबतांच इंजिन सुरू होतें. परंतु येथें दोन गोष्टी विसरूं नयेत. आतां किल्ली इंजिनाची धनीण राहिली नाहीं. तार काढली तरच तें बंद पडेल. आणि इंजिन बंद असतांना तार तशीच राहिली तर कॉइल तापून जळते. शिवाय किल्ली पहिल्या टप्प्यावर ठेवून असें कधींहि निघूं नये. सुकाणूचाक अडकलेलें असेल व गाडी सरळ भिंतीवर जाईल.

आमच्या भगिनींस आणखी एक सांगणें आहे. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वीं बांगड्या, पाटल्या व अंगठ्या उतरवाव्यात आणि लोंबतें मंगळसूत्र पदराआड घट्ट खोंचावें. बारा व्होल्टांचा झटका बसत नाहीं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जिवंत टोक व गाडीचें लोखंड यांच्यामध्यें सोन्याची बांगडी आडवी आली तर ती क्षणांत लाल होते आणि हातांतून निघत नाहीं. पुरुषांच्या घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यासहि हेंच लागू आहे.

जुन्या डिझेल गाड्यांस ठिणगी लागतच नाहीं. त्यांस इंधनाची वाट उघडी मिळाली कीं पुरे. म्हणून त्या ढकलून सहज सुरू होतात, आणि कधीं कधीं बंद करणेंच अवघड जातें.

दिरांच्या नव्या गाडीस मात्र यांतील तारेचा कोणताहि प्रयोग करूं नये. अशा गाडीच्या किल्लींत एक बारीक चकती असते. तिची खूण पटल्यावांचून गाडींतील संगणक इंधन व ठिणगी सोडीत नाहीं. तार जोडून ती खूण पटत नाहीं, संगणक मात्र बिघडतो. बटनाच्या गाडींत 'किल्ली सांपडत नाहीं' अशी सूचना आली तर बहुधा किल्लींतील लहानसा सेल संपलेला असतो. खूण पटविणारी चकती त्या सेलवर अवलंबून नसते. ब्रेक दाबून किल्लीच बटनाला टेकवावी व तिनेंच बटन दाबावें. कांहीं गाड्यांत ती ठेवण्यासाठीं निराळा खण असतो; तो गाडीच्या पुस्तिकेंत दाखविलेला असतो. दार उघडण्यासाठीं त्या किल्लीच्या पोटांत बहुधा एक साधी धातूची किल्लीहि दडविलेली असते. ती कोठें आहे हें घरांतील प्रत्येकानें एकदां काढून पाहावें.

स्विच गाडी उभी असतांना गेला तर खोळंबा होतो. धांवत्या गाडींत गेला तर प्राणावर बेततें. अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीस २०१४ सालीं सुमारें २६ लाख लहान मोटारी याच कारणासाठीं परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या स्विचांतील अटकाव फार सैल होता. रस्त्यांतील खड्ड्याचा हिसका किंवा गुडघ्याचा धक्का बसला, अथवा किल्लीस जड जुडगा लोंबत असला, तर किल्ली तिसऱ्या टप्प्यावरून आपोआप दुसऱ्यावर घसरे. इंजिन बंद पडे, सुकाणू व ब्रेक यांची मदत जाई, आणि आदळल्यावर प्रवाशांचे प्राण वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्याहि उघडत नसत. कंपनीच्याच नुकसानभरपाई योजनेनें १२४ मृत्यु या दोषामुळें घडल्याचें मान्य केलें, आणि २०१५ सालीं कंपनीनें अमेरिकन सरकारास ९० कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. दोष कंपनींतील कांहीं अभियंत्यांस कित्येक वर्षें ठाऊक होता, हें त्यांतील अधिक दुःखद. दुरुस्ती होईपर्यंत गाडीधन्यांस सूचना एकच होती: किल्ली एकटी ठेवा, तिला दुसरें कांहींहि अडकवूं नका.

आपल्याकडे तर गृहिणीच्या कमरेचा जुडगा ही घराची शोभा. कपाटाची, देवघराची, कोठीची, गांवच्या घराची अशा दहा-पंधरा किल्ल्या, शिवाय एखादा पितळी गणपति, हें सारें गाडीच्या किल्लीस लोंबकळत असतें आणि प्रत्येक खड्ड्यागणिक तो भार कुलपाचा गाभा व स्विच झिजवीत असतो. गाडीची किल्ली आजच त्यांतून सोडवून वेगळी करावी.

इतकेंहि करून घाटांत उतरतांना इंजिन बंद पडलेंच, तर किल्ली बाहेर काढूं नये, सुकाणू अडकेल. ब्रेकच्या साहाय्यक टाकींत एक-दोन वेळां पुरेल इतका निर्वात शिल्लक असतो. म्हणून पायानें पुनःपुन्हां न ठोकतां एकदांच जोरानें दाबून धरावा. सुकाणूचाक जड होतें, पण फिरतें. दोन्ही हातांनीं ओढावें, गाडी डाव्या कडेस घ्यावी व थांबल्यावर हातब्रेक लावावा.

दुरुस्तीस जातांना कुलूप बिघडलें आहे कीं स्विच, हें आधीं विचारून घ्यावें. पुष्कळ गाड्यांत मागील स्विच एकटा बदलतां येतो व जुनीच किल्ली चालते. सबंध कुलूप बदलल्यास दारांची किल्ली एक व इंजिनाची दुसरी असा घोळ मागें लागतो. जुन्या गाडीचें काम घरीं करावयाचें असेल तर प्रथम बॅटरीचें अंगाकडील टोक सोडवावें, आणि तारा काढण्यापूर्वीं प्रत्येकीस कागदाची चिठ्ठी बांधून तिचा क्रमांक लिहावा. ज्या गाडीच्या सुकाणूचाकांत हवेची पिशवी आहे तिचें तें वेष्टण घरीं उघडूं नये. नव्या गाडीची किल्ली पुन्हां ओळखवून घेण्याचें काम असलें तर घरांत असतील नसतील त्या सर्व किल्ल्या कारखान्यांत न्याव्या. कित्येक गाड्यांत त्या वेळीं हजर नसलेली किल्ली नंतर परकी ठरते.