मैत्रिणीचं काम राहूनच गेलं

मैत्रिणींनो, या अंकात कैरीच्या लोणच्याचं लिहीन असं मी तुम्हाला कबूल केलं होतं. पण लोणचं आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही. आज सांगणार आहे ते मात्र अठ्ठेचाळीस वर्षं थांबलं होतं, आणि त्यापायी पुष्कळ बिघडलं.

त्याचं असं झालं. बरण्या काढायला माळ्यावर चढले, तर पुढ्यात जुनी पत्र्याची ट्रंक आली. तिच्या तळाशी एक निळं अंतर्देशीय पत्र आहे. पूर्वी ती ट्रंक सरकवतानासुद्धा माझ्या पोटात कालवायचं. यंदा मी ती उघडली, पत्र वाचलं, पुन्हा घडी घालून ठेवलं आणि बरण्या घेऊन खाली उतरले. त्या पत्राची ही हकिगत.

मी देवनारची. वडिलांनी इथल्या सोसायटीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, तेव्हा समोर नुसता माळ होता. १९७० साली मी रुइया कॉलेजात नाव घातलं. गोवंडीहून हार्बरची गाडी पकडायची, कुर्ल्याला उतरून जिना चढायचा, दुसरी गाडी धरायची आणि माटुंग्याहून चालत कॉलेज. वर्गात कुणी विचारलं, "कुठून येतेस गं?" की 'देवनार' म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. कारण देवनार म्हटलं की लोकांना आधी आठवायचा तो १९२७ पासूनचा कचऱ्याचा डेपो, आणि १९७१ साली इथे मोठा कत्तलखाना सुरू झाला तो. मुलं लगेच नाकाला रुमाल लावून दाखवायची. एकटी माझी मैत्रीण तेवढी म्हणाली, "अय्या, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटच्या जवळ!"

तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्याही घरी आपलं साप्ताहिक जातं.

ही टाटा इन्स्टिट्यूट म्हणजे समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था. १९३६ साली ती सर दोराबजी टाटांच्या नावानं मुंबईत सुरू झाली आणि १९५४ साली आमच्या देवनारला आली. मी लहानपणापासून तिच्या फाटकावरून जात होते, पण आत काय शिकवतात ते मला नायगावच्या चाळीत राहणाऱ्या या मुलीनं सांगितलं. इस्पितळात, वस्तीत, तुरुंगात जाऊन माणसांची कामं करायची, आणि त्याची पदवी घ्यायची. "बी.ए. झाले की मी तिथेच जाणार. मग रोज संध्याकाळी तुझ्याकडे चहाला," असं तिचं ठरलेलं होतं.

आता कॉलेज म्हटलं की तुम्हाला अभ्यासाआधी काय आठवतं, खरं सांगा! इंग्रजी सिनेमात कॉलेजची मुलं बारमध्ये जाऊन बसलेली दिसतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं 'परमिट रूम' नावाची गोष्ट आणली, आणि तिच्या दारावरून जाताना आमची पावलं आपोआप भराभर पडायची. आमची बैठक इराण्याकडे, नाहीतर उडुप्याकडे. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायकांचं १९४२ सालचं उडुपी होतं, पण तिथलं जेवण महिन्यातून एखादे वेळी परवडायचं. इराणी मात्र रोजचा. संगमरवरी टेबलं, काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांतली खारी आणि नानकटाई, भिंतीला मोठाले आरसे. एक 'पानी कम' चहा आणि एक ब्रून मस्का दोघींत. पाव चहात बुडवायचा आणि जगाची चर्चा करायची. घरी आईपुढे जे बोलता येत नव्हतं, ते तिथं सगळं बोललं जाई. नोकरी करायची का, सासूजवळ राहायचं का, नवऱ्याला नावानं हाक मारायची का. त्या टेबलावर मला पहिल्यांदा कळलं की आपल्यालाही मत आहे.

आणि हो, 'तो' होता. असणारच! आमच्याच वर्गातला, चष्मा लावणारा. १९७३ च्या सप्टेंबरात 'बॉबी' लागला आणि सगळं कॉलेज वेडं झालं. राज कपूरचा आर. के. स्टुडिओ आमच्या चेंबूरचा. २०१७ साली त्याला आग लागली आणि पुढे जागाही विकली गेली, पण तेव्हा त्याच्यावरून बस गेली की मुली खिडकीतून माना बाहेर काढायच्या. 'बॉबी'चा परिणाम म्हणा, एक दिवस त्यानं लायब्ररीत माझ्या वहीत चिठ्ठी सरकवली : 'उद्या चार वाजता इराण्याकडे याल का?' अहोजाहो, बरं का!

एकटीनं जायची माझी छाती नव्हती. मैत्रीण म्हणाली, "मी शेजारच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसते. घाबरलीस तर खोक." त्याप्रमाणे आम्ही गेलो. तो आधीच येऊन बसला होता, केसांना भरपूर तेल लावून. त्यानं विचारलं, "काय घेणार?" मी म्हटलं, "काही नको." त्याला वाटलं मला खरंच काही नको, म्हणून त्यानं एकट्यासाठी ऑम्लेट-पाव मागवला. पुढची वीस मिनिटं तो खात होता आणि मी बघत होते. मग तो अर्थशास्त्राच्या पेपरात कुठले प्रश्न येतील ते सांगू लागला. सांगता सांगता त्याचा हात लागून पाण्याचा ग्लास माझ्या साडीवर उपडा झाला. समोरच्या आरशात मैत्रीण दिसत होती. तिनं पुस्तक तोंडापुढे धरलं होतं आणि ते पुस्तक गदागदा हलत होतं. मला असं हसू फुटलं की मी खोकायच्या ऐवजी फुसकन हसले. तो बिचारा लालबुंद झाला, उठला आणि बिल न देताच निघून गेला. ते मैत्रिणीनं भरलं. तिच्या बसच्या पैशांतून. मग आम्ही दोघी तशाच ओल्या साडीनिशी पाच बगिच्यांपर्यंत हसत चालत गेलो.

हे सगळं मी लग्नानंतर 'ह्यां'ना सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईचे पैसे परत केलेस का?" केले नव्हते.

पाहा, त्या मुलाचा चेहराही आता मला धड आठवत नाही. आठवतं ते आरशातलं हलणारं पुस्तक.

१९७४ च्या एप्रिलात बी.ए.ची परीक्षा संपली आणि मैत्रीण आजोळी कोकणात गेली. माझं लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. एप्रिल संपता संपता तिचं निळं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं की वडील म्हणतात, टाटामध्ये नाव लागलं तर दोन वर्षं थांबतो, नाहीतर दिवाळीनंतर उरकून टाकतो. मी इथे अडकले आहे. तू फाटकाशी राहतेस. प्रवेशाचा फॉर्म तेवढा आण आणि पोस्टानं धाड, पुढचं मी बघते.

मैत्रिणींनो, मी तो फॉर्म आणला नाही.

का नाही आणला? लग्नघर होतं. ब्लाउज शिवायला टाकायचे होते, रुखवताचं व्हायचं होतं, याद्या, पत्रिका. रोज म्हणायची, उद्या जाते. तेवढ्यात ८ मे रोजी रेल्वेचा तो मोठा संप सुरू झाला. तो २७ मेपर्यंत चालला. नागपूरचे मामा माझ्या लग्नाला येऊ शकले नाहीत. कोकणातले पाहुणे एस.टी.नं कसेबसे आले. टपालाचा बोजवारा उडाला. पण संपाचं निमित्त मला सांगता येत नाही. पत्र संपाच्या आधी आलं होतं, आणि ते फाटक आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होतं. त्याला गाडी लागत नव्हती.

आणि आणखी एक सांगते, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी बोहल्यावर चढणार आणि ती मात्र पुढे शिकणार, हे मला कुठेतरी टोचत होतं. 'उद्या जाते' म्हणण्यात तेही होतं.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं, बार्शीला. मोठं एकत्र कुटुंब. पत्रिका आली तेव्हा मला दिवस गेले होते. मी गेले नाही, आणि खरं तर तोंड दाखवायची लाजच वाटत होती. तिचं आडनाव बदललं, माझं बदललं, पत्ते बदलले. मधे मुलं, दुखणी, बदल्या. पुढे आईच्या आजारपणात आम्ही पुन्हा देवनारच्या जुन्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, आणि त्या फाटकावरून माझं रोजचं भाजीला जाणं सुरू झालं. सायन-ट्रॉम्बे रोडचं नाव बदलून वि. ना. पुरव मार्ग झालं, पण फाटक तिथेच होतं.

२०२२ साली एका दुपारी दाराची बेल वाजली. पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक बाई आणि मागे एक तरुण मुलगी. "नानांचं घर ना हे? पत्ता पाठ होता, म्हटलं बघावं कोण भेटतं." आवाजावरून ओळखलं मी तिला. तिच्या नातीला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला होता. तिला पोचवायला म्हणून ती आली होती.

चहा झाला. नात फोनवर बोलायला गॅलरीत गेली. तेव्हा ती सहज म्हणाली, "अगं, तुला मी एक पत्र धाडलं होतं फॉर्मसाठी. त्या मेल्या संपात कुठे गहाळ झालं कोण जाणे!"

अठ्ठेचाळीस वर्षं तिनं दोष संपाला दिला होता, मला नाही. मी नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ओठांवर आलंच होतं. पण नात गॅलरीत हसत होती, आणि मला ते आरशातलं पुस्तक आठवलं. मी स्टूल घेतलं, ट्रंकेतून पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, "पोचलं होतं. मीच गेले नाही."

तिनं आपलंच अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. उगाच त्या रेल्वेवाल्यांवर राग धरून होते मी." एवढंच. मी जेवायला थांब म्हटलं, पण ती थांबली नाही. पत्र टेबलावरच राहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दीड महिन्यानं ती नातीला भेटायला पुन्हा आली आणि सरळ आमच्याकडे उतरली. दारातच म्हणाली, "त्या दिवशीचं इराण्याचं बिल राहिलंय हं तुझ्याकडे." आता ती आली की मुक्काम इथेच असतो. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. कधी त्या फाटकावरून जाताना ती गप्प होते, आणि मीही काही विचारत नाही. पण आम्ही बरोबर जातो.

आता तुमच्यासाठी चार शब्द. मैत्रिणीनं सांगितलेलं काम गहू-तांदळाच्या यादीतच लिहीत जा, वेगळं मनात ठेवलं की ते मागं पडतं. जिचं पत्र किंवा निरोप येईल तिला त्याच दिवशी दोन ओळी तरी कळवा, मग ते पोस्टकार्ड असो नाहीतर फोनवरचा मेसेज. एका वहीत मैत्रिणींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं आणि माहेरचा पत्ता लिहून ठेवा. लग्नानंतर बाई हरवते ती नावातच, आणि माहेरच्या दारात पुष्कळदा सापडते. आणि तुमची लेक कॉलेजातून उशिरा आली, हॉटेलात बसली होते म्हणाली, तर आधी 'कोणाबरोबर?' असं दरडावू नका. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण होती का, तेवढं विचारा. असली तर निम्मी काळजी सोडा.

कुणाचं एखादं काम तुमच्याकडून राहून गेलं असेल, तर आज दुपारी भांडी आवरली की तिला कळवा. राग येईल तिला, येऊ दे.

लोणचं पुढच्या आठवड्यात, नक्की. मोहरी आणि मेथ्या तेवढ्या आणून ठेवा.