कार्डावर कुणाचं नाव?

सुरतजवळच्या कडोदऱ्यात मिलमजुरांच्या खोल्यांच्या ओळींतून फिरताना मी एक प्रश्न हमखास विचारतो : हा कुत्रा कुणाचा? उत्तर येतं, ‘तसा आमचाच.’ सकाळची भाकरी एका घरची, रात्रीचा भात दुसऱ्या घरचा. पोरं त्याच्या गळ्यात हात टाकून बसतात. पण लस टोचली का, म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मला काळजी वाटते ती या ‘तसा आमचाच’ची. ज्याला पाच घरं जेवू घालतात, त्याला दवाखान्यात न्यायला एकही घर पुढे येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली कितीतरी माणसं इथल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत राबतात. रात्रपाळी सुटली की अंधारातून पायी घरी यायचं आणि कुत्री अंगावर धावून यायची, हे इथे कुणालाच नवं नाही. चावल्यावर जखमेत तिखट भरणारे, चुना लावणारे आजही भेटतात. कृपा करून असं करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे ‘हडकवानी रसी’, म्हणजे रेबीजची लस, मागा, ती मोफत मिळते. डोस मध्येच सोडू नका. आपल्याच लस टोचलेल्या कुत्र्याने चावा घेतला तरी डॉक्टरांना दाखवाच. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. त्यामुळे हा रोग अडवायचा तर कुत्र्यालाच लस द्यायला हवी. महाराष्ट्राच्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखवलं. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने गावोगाव फिरून पाळीव आणि मोकाट, दोन्ही कुत्र्यांना लसी दिल्या. मोकाट कुत्री जाळ्यात धरायची, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि जागच्या जागी सोडून द्यायची. दर वर्षी हेच काम पुन्हा. जोडीला शाळांमध्ये जाऊन मुलांना शिकवणंही चालू होतं. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१८ पासून सलग काही वर्षं गोव्यात एकही माणूस रेबीजने दगावला नाही आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं. त्यासाठी कुत्री मारावी लागली नाहीत. गोव्याला जमलं ते आपल्या पलसाणा तालुक्याला का जमू नये?

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. पण त्याआधीच, सहा ते आठ आठवड्यांचं असताना, पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस सुरू व्हायला हवी. ती काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला नीट काम करू देत नाही. एका डोसवर थांबलेली पिल्लं पार्व्होच्या रक्ती हगवणीने दोन-चार दिवसांत जाऊ शकतात. ‘आमचं घराबाहेर जातच नाही’ हे कारण पुरेसं नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर उंबऱ्यापर्यंत येतो.

उंदरांसाठी पाळलेल्या मांजरीचं तर कुणी नावच काढत नाही. तिलाही रेबीजची लस लागते, आणि शिंका, ताप, जुलाबाच्या जीवघेण्या रोगांसाठी तीन रोगांची एकत्र लस वेगळी.

आपल्या भागात आणखी एका रोगाचा धोका आहे. सुरत, नवसारी, वलसाडच्या भाताच्या आणि उसाच्या पट्ट्यात १९९४ पासून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस माणसांचे बळी घेत आला आहे. तो मुख्यतः उंदरांच्या लघवीतून पसरतो, साचलेल्या पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून घरातल्यांनाही होऊ शकतो. कुत्र्यांच्या सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन लसींत लेप्टोवरचा भाग असतो, तो दर वर्षी द्यावा लागतो. इथे तो पावसाआधी घेतलेला बरा.

मेडिकलमधून बाटली आणून घरी सुई टोचू नका. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली नाही तर निकामी होते, आणि तसं झाल्याचं बाहेरून कळतही नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी निघण्याआधी एक रविवार काढा. ओळीतल्या चार-पाच घरांनी वर्गणी करा, सरकारी पशुदवाखान्यात चौकशी करा, त्या मोतीला, त्या मनीला घेऊन जा. लसीच्या कार्डावर मालकाच्या नावाची जागा असते. तिथे कुणीतरी एकाने आपलं नाव लिहा आणि पुढच्या तारखेची जबाबदारी घ्या.