टेकडी गेली, गाव राहिलं!

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सिडनीचं शिंपल्यांसारखं ऑपेरा हाउस, मेलबर्नचं एमसीजी, गोल्ड कोस्टचा बीच आणि हनिमून पॅकेजच्या ब्रोशरमधला झोपाळू कोआला. झाला ऑस्ट्रेलिया! पण समुद्राकडे पाठ करून आत शिरलात ना, की एक वेगळाच देश सुरू होतो. लाल माती, सरळसोट रस्ता, तासन्‌तास समोरून एकही गाडी नाही. त्याला म्हणतात आउटबॅक. आणि या आउटबॅकमध्ये सिडनीपासून साधारण ११५० किलोमीटरवर एक शहर आहे, ब्रोकन हिल.

मी तिथे पहिल्यांदा गेले २०१९ मध्ये. दादा-वहिनी अॅडलेडला असतात, तिथून साधारण पाचशे किलोमीटर. हातात एकच दिवस होता, त्यामुळे 'मस्ट सी' यादी उरकली, ढीगभर फोटो काढले आणि परतले. गेल्या जुलैत पुन्हा गेले, या वेळी मुद्दाम चार दिवस काढून. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, जग पडलंय बघायला आणि तू पुन्हा त्या धुळीत कशाला जातेस?"

धूळ हा या गावाचा खरंच जुना प्रॉब्लेम. पण त्याच्या आधी खाण. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाचा एक माणूस इथल्या मेंढपाळीच्या मळ्यावर कुंपणाची राखण करायचा. त्याला एका मोडक्या, खाचखळग्यांच्या टेकडीवरचे काळपट दगड वेगळे वाटले. कथिल असावं असा त्याचा अंदाज. सात जणांनी मिळून पैसे काढले आणि निघाली चांदी, शिसं आणि जस्त! जगातल्या सगळ्यात श्रीमंत साठ्यांपैकी एक. १८८५ मध्ये कंपनी स्थापन झाली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. म्हणजेच बीएचपी. हो, तीच ती. शेअर बाजाराच्या पानावर दिसणाऱ्या या महाकाय कंपनीच्या नावातलं 'बी' आणि 'एच' म्हणजे हे गाव. कंपनीने मात्र १९३९ मध्येच इथलं चंबूगबाळं आवरलं. नाव घेऊन गेली, गाव मागे ठेवलं.

आणि ती टेकडी? ती नाहीच! खणून खणून संपवली. आज शहराच्या मधोमध जो काळाकभिन्न डोंगर दिसतो तो निसर्गाचा नाही, खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचा ढिगारा आहे. ज्या टेकडीवरून गावाला नाव पडलं ती गायब आणि तिच्या जागी तिचाच कचरा. मला तर ही सगळ्या ऑस्ट्रेलियातली सर्वांत भारी हेरिटेज साइट वाटते.

गावात फिरायला लागलात की शाळेतली केमिस्ट्री आठवते. रस्त्यांची नावं बघा - सल्फाइड स्ट्रीट, ऑक्साइड स्ट्रीट, क्लोराइड स्ट्रीट, ब्रोमाइड, कोबाल्ट. मेन रोड म्हणजे आर्जंट स्ट्रीट, अर्थात चांदीची गल्ली. घड्याळसुद्धा न्यू साउथ वेल्समध्ये असून शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाचं. सिडनीच्या अर्धा तास मागे. आपल्यासाठी बरं, जुलैत पुण्याशी सरळ चार तासांचा फरक, बोटं मोजायला नकोत.

२०१५ च्या जानेवारीत हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आलेलं पहिलं अख्खं शहर ठरलं. एखादी इमारत नाही, एखादा पूल नाही, पूर्ण शहर! लोकसंख्या आज सतराएक हजार. एकेकाळी तीस हजारांच्या वर होती. खाणकाम अजून पूर्ण थांबलेलं नाही, पण आज ना उद्या जमिनीतलं संपणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग उरतो टुरिझम. त्यामुळे इथे 'हेरिटेज' हा शब्द फॅशनचा नाही, पोटापाण्याचा आहे.

आता पॅलेस हॉटेलबद्दल सांगायलाच हवं. १८८९ मध्ये हे बांधलं ते दारूबंदीवाल्यांनी, 'कॉफी पॅलेस' म्हणून. खाणकामगारांनी दिवसभर घाम गाळायचा आणि संध्याकाळी इथे येऊन शहाण्यासारखी कॉफी प्यायची. किती वर्षं टिकला असेल हा फंडा? १८९२ मध्ये दारूचं लायसन्स आलं. विषय संपला. भिंतींवर आणि छतावर झाडून सगळीकडे चित्रं आहेत, वर बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची नक्कलही आहे. १९९४ च्या 'प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट' या सिनेमातले ड्रॅग कलाकार इथेच उतरतात. त्या सिनेमाच्या नावाने आता इथे दरवर्षी उत्सव होतो, ब्रोकन हील. हिल नाही हं, हील. टाचेची! एके काळी पक्कं पुरुषी असलेलं खाणगाव उंच टाचा घालून नाचतं, हे मला प्रचंड आवडलं.

कारण हे गाव बायकांशी नेहमी इतकं दिलदार नव्हतं. इथे युनियनचं राज्य होतं. १९१९-२० मध्ये खाणकामगारांनी तब्बल अठरा महिने संप केला आणि आठवड्याला ३५ तास कामाचा हक्क मिळवला. पस्तीस तास, १९२० मध्ये! रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडा ठेवून हे वाचणाऱ्यांनी एक मिनिट शांतता पाळावी. पण याच युनियनने विवाहित स्त्रियांना गावातल्या बहुतेक नोकऱ्यांमधून बाहेर ठेवलं होतं. लग्न झालं की काउंटर सोडायचा, टाइपरायटर सोडायचा. एका घरात एकच पगार, आणि तो कुणाचा हे वेगळं सांगायला नको. हा नियम सुटला १९८१ मध्ये. म्हणजे माझ्या आईची पिढी! कामगारांच्या इतिहासावर अभिमानाने बोलणारे हा भाग भरभर उरकतात असं माझं निरीक्षण आहे.

त्या ढिगाऱ्यावर, अगदी माथ्यावर, खाणकामगारांचं स्मारक आहे. गंजलेल्या लोखंडाची भव्य चौकट आणि आत काचेवर नावं. आठशेहून जास्त नावं, वर्षानुसार. आणि नावापुढे मृत्यूचं कारण. दगड कोसळून. पडून. शिशाच्या विषबाधेने. स्फोटात. एकाखाली एक, एकाखाली एक. मी वाचत वाचत पुढे सरकत होते आणि लक्षात आलं की सुरुवातीच्या वर्षांत मला पुढच्या वर्षाच्या नावांपर्यंत पोचायलाच वेळ लागतोय. खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं. पत्र्यांची छपरं, चर्चचा मनोरा, आणि शहराभोवती झुडपांचा हिरवा पट्टा. तो पट्टा १९३६ पासूनचा. अल्बर्ट आणि मार्गारेट मॉरिस या जोडप्याने हट्टाने उभा केला. कुंपण घाला, शेळ्या-सशांना बाहेर ठेवा, इथली झाडं आपोआप परत येतील, असं त्यांचं म्हणणं. आली! धूळ कमी झाली. शिसं मात्र मातीत आहेच. इथल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं आजही नियमित तपासलं जातं.

लोअर परळच्या एका मिल कंपाउंडमधल्या ऑफिसात मी दोन वर्षं काम केलंय. तिथली चिमणी अजून उभी आहे, खाली कॅफे. पण त्या गिरणीत राबलेल्या एकाही माणसाचं नाव मी तिथे वाचलेलं नाही.

बरं, आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर परत गेले होते ती. गावाच्या उत्तरेला एका शांत गल्लीत पत्र्याची एक बुटकी, लालसर रंगाची खोली आहे. मिनार नाही, घुमट नाही. बाहेरून एखादं गोदाम वाटेल. ही ब्रोकन हिलची मशीद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उंटवाल्यांनी आपल्या तळावर बांधलेली.

उंटवाले? ऑस्ट्रेलियात? हो ना! घोडे, बैल जिथे तहानेने मरायचे तिथे माल पोचवायला उंट आणले गेले. १८६५-६६ च्या सुमारास कराचीहून शंभरावर उंट जहाजाने आले आणि त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारी माणसं. आणि कराची तेव्हा कशात होती? मुंबई इलाख्यात! या माणसांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं. प्रत्यक्षात त्यांत बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते, पेशावरकडचे होते. लोकर, धान्य, पाणी, खाणीचं सामान, तार खात्याचे खांब, सगळं यांच्या उंटांवरून गेलं. ट्रक आले तसं काम संपलं, उंट मोकाट सोडले गेले. माणसं इथेच म्हातारी झाली.

या मशिदीत एक जाड पुस्तक वर्षानुवर्षं 'कुराण' म्हणून जपून ठेवलं होतं. २००९ च्या सुमारास सामिया खातून ही इतिहासकार ते बघायला इथे आली. मूळची बांगलादेशची, वाढलेली ऑस्ट्रेलियात. तिने पुस्तक उघडलं तर ते अरबी नव्हतंच. बंगाली! कलकत्त्यात छापलेलं, 'कसासोल अंबिया', म्हणजे पैगंबरांच्या कथांचं पद्य. समुद्रापासून शेकडो मैल आत, वाळवंटात, बंगाली कविता! कुणी आणली, कुणी वाचून दाखवली, ऐकायला कोण बसायचं? या धाग्यावरून तिने 'ऑस्ट्रेलियानामा' हे पुस्तकच लिहिलं. ते वाचूनच मी तिकीट काढलं होतं. इतकी वर्षं इतक्या लोकांनी ते पुस्तक काचेतून पाहिलं, पण लिपी ओळखणारं कुणी येईपर्यंत त्यावरचं लेबल बदललं नाही.

उंटवाल्यांची आणखी एक गोष्ट गावाला चांगली लक्षात आहे. १ जानेवारी १९१५. पहिलं महायुद्ध सुरू. सिल्व्हर्टनला सहलीला निघालेली ट्रेन, उघड्या डब्यांत बाराशेच्या आसपास माणसं. रुळांजवळ आइस्क्रीमची गाडी, तिच्यावर तुर्कस्तानचा झेंडा आणि दोन माणसं, गुल महंमद आणि मुल्ला अब्दुल्ला. एक आइस्क्रीम विकणारा, दुसरा इमाम आणि खाटीक. दोघांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी चार जणांचा बळी गेला आणि चकमकीत हे दोघेही मेले. मुल्ला अब्दुल्लाला परवान्याशिवाय मेंढी कापल्याबद्दल काही दिवसांपूर्वीच दंड झाला होता. त्या रात्री जमावाने जाळला तो मात्र गावातला जर्मन क्लब! त्या आइस्क्रीमच्या गाडीची प्रतिकृती आज रुळांजवळ ठेवली आहे. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. उंटवाल्यांचं साठेक वर्षांचं कष्टाचं आयुष्य एका पत्र्याच्या खोलीत, आणि त्या एका सकाळची गाडी फोटो पॉइंट! मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू. मशिदीत मी होते तेव्हा माझ्याशिवाय फक्त एक निवृत्त जोडपं होतं.

सिल्व्हर्टनबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यावर सगळेच लिहितात. पंचवीस किलोमीटरवरचं ओसाड गाव, पन्नासेक वस्ती, जुना तुरुंग, एक पब आणि 'मॅड मॅक्स २'चं म्युझियम. सिनेमाचे फॅन असाल तर दोन तास सहज जातील. त्यापुढचा मुंडी मुंडीचा सपाट पसारा मात्र संध्याकाळी बघाच, क्षितिज चक्क वाकलेलं वाटतं.

जायचंच असेल तर मे ते सप्टेंबर. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. अंधार पडायच्या आत गाडी गावात आणा, कांगारू गोंडस असतात पण हेडलाइटसमोर नाही. दक्षिणेकडच्या बेल्स मिल्क बारमध्ये १९५० च्या स्टाइलच्या खुर्च्यांवर बसून मिल्कशेक प्या. 'चीझ स्लॉ' नावाचा किसलेलं गाजर, चीझ आणि मेयोनीजचा प्रकार हे लोक भयंकर अभिमानाने खिलवतात. मला तो आपल्या कोशिंबिरीपुढे अगदीच बिचारा वाटला. आणि मशीद रोज उघडी नसते. आठवड्यातून मोजकेच तास, तेही हिस्टॉरिकल सोसायटीच्या स्वयंसेवकांच्या सोयीने. तेव्हा गावात पोचल्या पोचल्या आधी तिची वेळ विचारा, बाकीचा प्लॅन मग करा.