परत वर जाण्याचा धडा आधी

होळी झाली की बालाघाटच्या पठारावरची हवा बदलते. सकाळी आठपर्यंत शहाण्यासारखे उडणारे सेसना अकराच्या सुमाराला फायनलवर उड्या मारू लागते. फेब्रुवारीत बरी लँडिंग करणारा विद्यार्थी मार्चअखेरीस तोंड पाडून हँगरकडे चालत येतो. यावर बहुतेक संस्थांमध्ये एकच औषध दिले जाते : आणखी सर्किट. दहा झाली, वीस करा, आपोआप जमेल. काहींना जमतेही. पण कशामुळे जमले हे त्यांना सांगता येत नाही, आणि दुसऱ्या धावपट्टीवर गेले की ते जमलेले पुन्हा हरवते.

लँडिंग शेवटच्या दहा फुटांत शिकवायची गोष्ट आहे, ही समजूत आपण इन्स्ट्रक्टर मंडळींनीच रुजवली आहे. फ्लेअरच्या वेळी ‘धर, धर, धर’ म्हणून ओरडायचे आणि चाके टेकली की ‘छान’ म्हणायचे, असा आपला पाठ असतो. पण वेग, उंची, उताराचा कोन आणि धावपट्टीची मधली रेघ या चार गोष्टी फायनलच्या शेवटच्या मैलात जागच्या जागी नसतील, तर फ्लेअरमध्ये उरते ती फक्त सावरासावर. विद्यार्थ्याला ती सावरासावरच लँडिंग वाटू लागते, इथे खरा घोटाळा आहे.

आपल्याकडच्या हवेचा विचार पाठ्यपुस्तकांत फारसा नाही. ती बहुतेक थंड देशांत, सखल मैदानांवर उडणाऱ्यांनी लिहिली आहेत. आपले जुने शिकवणेही समुद्राकाठचे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. आज त्याचे विद्यार्थी धुळ्याला उडतात. बारामती, गोंदिया, जळगाव : राज्यातले वैमानिकी शिक्षण किनारा सोडून उन्हात आले आहे. धाराशिवचे उदाहरण घ्या. शहर समुद्रसपाटीपासून साधारण २१०० फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान असेल, तर हवेच्या घनतेच्या हिशेबाने विमान जवळजवळ सहा हजार फुटांवर असल्यासारखे वागते. काट्यावर ६० नॉट दिसतात तेव्हा खरा वेग ६५च्या पुढे असतो. वारा पडलेला असेल तर जमीनही त्याच वेगाने मागे पळते. थंड सकाळी शिकलेल्या डोळ्याला ही गती जास्त वाटते आणि हात नकळत योक मागे घेतो. काटा ५५ वर येतो, मग ५२ वर. विद्यार्थ्याला वाटते, आता कुठे बरोबर वेग आला! त्याच वेळी तो स्टॉलकडे सरकत असतो. टचडाउनचा खरा वेग सुमारे नऊ टक्के जास्त, म्हणजे थांबायला लागणारे अंतर वीस टक्क्यांच्या आसपास वाढलेले, हा हिशेब तर वेगळाच.

त्यात भर जमिनीची. धावपट्टीच्या अलीकडे भिजवलेला ऊस असेल तर त्यावर विमान खाली बसते, आणि पुढे तापलेला मुरूम आला की वर उचलले जाते. शंभर-दीडशे फुटांवर असा एक झोल पुरतो. विद्यार्थी पहिल्या झोलाला पॉवर वाढवतो, दुसऱ्याला ती काढून घेतो, आणि धावपट्टीच्या सुरुवातीला पोचतो तेव्हा विमान कोणत्या स्थितीत आहे हे त्याला ठाऊक नसते. हे सगळे जमिनीवर, फळ्यासमोर अर्ध्या तासात समजावता येते. ते हवेत, इंजिनाच्या आवाजात, हेडसेटमधून समजावण्याचा हट्ट आपण का धरतो, हे कोडेच आहे. (हवेतल्या तासाचे पैसे लागतात आणि फळ्यासमोरच्या तासाचे लागत नाहीत, एवढे कारण नसावे, अशी आशा करू या.)

सवयीच्या धावपट्टीचा आणखी एक दोष आहे. महिनोन्‌महिने एकाच पट्टीवर उतरणारा विद्यार्थी विमान उतरवायला शिकत नाही, तो त्या पट्टीचे चित्र पाठ करतो. अमुक शेताच्या बांधावर बेस लेग, तमुक पत्र्याच्या शेडवर फ्लॅप. पट्टी अरुंद असली की आपण उंच आहोत असे वाटते आणि विमान वाजवीपेक्षा खाली आणले जाते. रुंद पट्टीवर नेमके उलटे होते. चढाच्या पट्टीवर मात्र अरुंद पट्टीसारखाच भास होतो. हे परीक्षेत सगळ्यांना येते, फायनलवर कोणालाच आठवत नाही. काचेतली जी जागा वर सरकत नाही आणि खालीही सरकत नाही, तिथेच आपण पोचणार आहोत, ही खूण मात्र कुठल्याही पट्टीवर आणि शेतातही चालते. ती पहिल्या सर्किटपासून डोळ्यात बसवायला हवी.

शेताचा विषय काढलाच आहे तर बारामती-लातूर मार्गाकडे बघू. अंतर शंभर सागरी मैलांहून थोडे जास्त. उजनीचे पाणी ओलांडले की डावीकडे करमाळा, मग उजवीकडे बार्शी, आणि त्यानंतर सोलापूर-धुळे महामार्गाची रेघ. या रेघेवर डाव्या हाताला, येरमाळ्याच्या पुढे तेरखेडा. फटाक्यांसाठी साऱ्या मराठवाड्याला माहीत असलेले वाशी तालुक्यातले गाव. समजा विद्यार्थी ५५०० फुटांवर आहे आणि तिथे इंजिन थंडावले. खालचे पठार दोन हजारांच्या आसपास, म्हणजे हाताशी जेमतेम साडेतीन हजार फूट. सेसना १५२ तेवढ्यात, वारा नसेल तर, पाच सागरी मैल तरंगते. त्या नऊ किलोमीटरच्या वर्तुळात काय आहे? महामार्ग आहे, पण त्यावर ट्रक आणि कडेला तारा आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या या भागात पवनचक्क्या आल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या वाहिन्या. गावाभोवती फटाक्यांच्या कारखान्यांची एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली छोटी शेड. त्यांच्या जवळपासही फिरकायचे नाही. ज्वारी काढून मोकळे झालेले रान चांगले. नांगरट झालेले काळे रान नको, ढेकळांत नोजव्हील अडकले की विमान पालथे पडते. उतरायचे ते तासांच्या दिशेने, तास आडवे तोडून नाही. विहिरी बघायच्या, बांध बघायचे.

ही तयारी अनाठायी नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थिनीचे सेसना १५२ शेतात उतरले. सुदैवाने जीव वाचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ कटफळ आणि गोजुबावी इथे चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली आणि संबंधित संस्थेचे उड्डाण डीजीसीएने थांबवले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी, आणि ती तपासणाऱ्यांनीच सांगावीत. आमचा मुद्दा एवढाच की शेतात उतरण्याची वेळ आपल्याच राज्यात, आपल्याच विद्यार्थ्यांवर आलेली आहे. अशा वेळी पट्टीचे पाठ केलेले चित्र उपयोगी पडत नाही. तेरखेड्याच्या वर असताना ‘आत्ता इंजिन बंद पडले तर कुठे उतरशील?’ हा प्रश्न इन्स्ट्रक्टरने विचारावा. थ्रॉटल खाली ओढून प्रत्यक्ष सराव मात्र तिथे करू नये. त्यासाठी ठरलेले सराव क्षेत्र आहे.

आता मुख्य गोष्ट. शेतात परत वर जाण्याची सोय नसते, धावपट्टीवर ती जवळजवळ नेहमी असते, आणि तीच आपण सर्वांत कमी शिकवतो. एखाद्या संस्थेत सोलोच्या उंबरठ्यावर आलेल्या विद्यार्थ्याचे रेकॉर्ड काढून बघा. लँडिंगचा आकडा मोठा असतो. त्यात स्वतःच्या निर्णयाने केलेले गो-अराउंड किती, हे बहुधा लिहिलेलेच नसते. जे झाले असतील ते इन्स्ट्रक्टरने ‘गो-अराउंड’ म्हटले म्हणून झालेले. म्हणजे निर्णय इन्स्ट्रक्टरचा, विद्यार्थ्याने फक्त हात हलवले. सोलोच्या दिवशी उजव्या सीटवरून ते शब्द उच्चारणारे कोणी नसते.

हात हलवणेही सोपे नाही, हे इथे नोंदवायला हवे. लँडिंगसाठी ट्रिम केलेल्या विमानाला पूर्ण पॉवर दिली की नाक झपकन वर जाते. ते दाबून धरावे लागते, आणि उजवा रडर द्यावा लागतो. कार्ब हीट बंद करायची विसरली तर उन्हाने आधीच मंदावलेले इंजिन आणखी मंदावते. घाईने सगळे फ्लॅप एकदम वर घेतले तर विमान खाली बसते. सेसना १५२ च्या पुस्तकात क्रम स्पष्ट आहे : पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट थंड, फ्लॅप २० अंशांवर, ५५ नॉट, मग हळूहळू उरलेले फ्लॅप. मे महिन्याच्या दुपारी हे सगळे होईपर्यंत विमान फारसे वर गेलेले नसते. पहिल्यांदा हे अनुभवण्याची वेळ सोलोवर येऊ नये. पट्टीवर आपटून विमान उसळले, विद्यार्थ्याने नाक खाली दाबले, दुसरी उसळी आणखी मोठी, तिसऱ्या वेळी नोजव्हील आणि प्रोपेलर. ही साखळी आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. ती पहिल्या उसळीलाच पॉवर देऊन तोडता येते, पण ज्याला परत वर जाणे म्हणजे नापास होणे वाटते तो ती तोडत नाही.

आणि तसे वाटायला आपणच लावतो. ‘आज किती वेळा वर गेलास?’ हा कँटीनमधला विनोद विद्यार्थी विसरत नाही. कमर्शियल लायसन्सच्या २०० तासांसाठी चाळीस-पन्नास लाखांचा खर्च, त्यासाठी घरच्यांनी काढलेले कर्ज, कुठे विकलेला शेताचा तुकडा. असा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक सर्किटकडे पैशांच्या हिशेबाने बघणारच. त्यातून उसळीवर उसळी घेत का होईना, ‘बसवलेले’ लँडिंग मोलाचे ठरते.

ही सवय पुढे मोठ्या विमानात जाते. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या विमान अपघातात १५८ माणसे गेली. विमान उंचावरून, अस्थिर अवस्थेत येत होते, सहवैमानिक परत वर जायला सांगत होता, तरी उतरणे सुरूच राहिले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पावसात, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. अपघात तपास संस्थेने अस्थिर अप्रोच पुढे चालू ठेवणे आणि गो-अराउंड न करणे यांवर बोट ठेवले. दोन्ही कॅप्टन अनुभवी होते. तेव्हा ‘तास वाढले की समज येते’ हे उत्तर पुरेसे नाही.

तेरखेड्यातल्या फटाका शेडना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि एका शेडमध्ये ठरावीकच माल भरतात, तो नियम ठिणगी पडण्याच्या आधीचा आहे. कारागीर किती तरबेज आहे यावर तो अवलंबून नाही. आपल्या सर्किटलाही असाच आधी ठरलेला नियम हवा. जमिनीपासून ३०० फुटांवर वेग ठरल्यापेक्षा पाच नॉटहून जास्त इकडेतिकडे असेल, मधल्या रेघेवर विमान नसेल, किंवा पट्टीच्या पहिल्या तृतीयांशात टेकणे शक्य दिसत नसेल, तर वर जायचे, चर्चा जमिनीवर. आकडे प्रत्येक संस्थेने आपल्या विमानाप्रमाणे आणि पट्टीप्रमाणे ठरवावेत. जिथे विमानतळ प्राधिकरणाचा नियंत्रक नाही आणि सर्किटमध्ये एका वेळी अनेक विद्यार्थी असतात, तिथे परत वर जाणाऱ्याने कोणत्या बाजूला सरकायचे आणि रेडिओवर काय बोलायचे हेही लेखी हवे. नाहीतर एक धोका टाळताना दुसरा ओढवेल.

डीजीसीएने २०२५ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी काढली, तेव्हा देशातली एकही संस्था ‘ए’ श्रेणीत बसली नाही. त्यावर संस्थाचालकांनी नाराजी व्यक्त केली, काही आक्षेप रास्तही असतील. पण वरच्या श्रेणीसाठी रंगरंगोटी करण्याआधी एक बिनखर्चाचे काम करता येईल. सीएफआय मंडळींना आमची विनंती आहे : येत्या बॅचपासून विद्यार्थ्यांच्या प्रगतिपत्रकात लँडिंगच्या रकान्याशेजारी ‘स्वतःच्या निर्णयाने गो-अराउंड’ असा रकाना घाला, आणि तो रिकामा असेल तर सोलोच्या कागदावर सही करू नका.