अठराव्या वाढदिवसानंतर

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातल्या अनेक घरांत आई-वडिलांच्या नावाने काहीतरी करायची इच्छा असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वाढलो, तर तिथल्याच मुलांसाठी करू, असं ठरतं आणि घरच्या घरी एक न्यास उभा राहतो. भाऊ, वहिनी, मावसबहीण विश्वस्त होतात. पैसा बहुतेक वेळा दप्तरं, गणवेश आणि दहावीपर्यंतची फी यांवर जातो. तो वाया जातो असं कुणी म्हणणार नाही. पण अनाथ मुलांसाठी काही करायचं असेल, तर या घरगुती न्यासांनी दहावीच्या पुढची वर्षं अंगावर घ्यावीत, असं मला ठामपणे वाटतं. बालगृहातल्या सहा वर्षांच्या मुलासाठी वाढदिवसाचा केक घेऊन येणारे असतात. अठरा वर्षांच्या मुलाकडे कुणी फिरकत नाही.

बाल न्याय कायदा, 2015 नुसार अठरा पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. पुढे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण अनुरक्षण गृहात प्रत्येकाला जागा मिळेलच असं नाही. शिवाय अठरावं वर्ष म्हणजे आपल्याकडे ऐन बारावीचं किंवा डिप्लोमाच्या मधलं वर्ष.

कल्याणच्या एखाद्या कॉलेजात प्रवेश मिळालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. अर्जावर पालकाची सही हवी. डोंबिवलीत खोली घ्यायची तर डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार आणि ओळख देणारं माणूस हवं. आधार कार्डावर पत्ता संस्थेचा, तो पाहून घरमालक आणखी चार प्रश्न विचारतो. वसतिगृह मिळालंच, तर दिवाळीत मेस बंद होते, मैत्रिणी गावी जातात. तिने जायचं कुठे? फीची पावती ही या सगळ्यातली सोपी बाब आहे.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांना स्पर्धा परीक्षेत पुरेसे गुण मिळूनही नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र नसल्याने संधी नाकारली गेली. आई-वडीलच माहीत नाहीत, तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? त्यांनी प्रश्न लावून धरला आणि 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षण व नोकरीत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिलं. मात्र ते मिळवायला महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी खेटे घालायला मोठं माणूस सोबत लागतं.

‘अठराव्या वर्षी आम्हीही नोकरी धरली’ असं काही ज्येष्ठ म्हणतात. खरं आहे. पण नोकरी सुटली तर परतायला घर होतं. ते नसेल तर पहिल्या अडचणीत शिक्षण सुटतं आणि मिळेल ते काम धरावं लागतं. मुलं आळशी होतील या भीतीपेक्षा ही भीती मला मोठी वाटते.

कसं करायचं, हे ठाण्यात पाहायला मिळतं. 2008 पासून विद्यादान सहायक मंडळ गरजू मुलांना दहावीनंतरच्या शिक्षणात, ती पायावर उभी राहीपर्यंत साथ देतं. पैशाबरोबर प्रत्येक मुलाच्या मागे एक कार्यकर्ता पालकासारखा उभा राहतो. तिथली सगळी मुलं अनाथ नाहीत, पण ही रीत अनाथ मुलांना सर्वांत जास्त लागू पडते.

परदेशातून येणाऱ्या मदतीचा जुना धडा पंडिता रमाबाईंच्या कामात आहे. 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्यासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही त्यांची शाळा सुरू झाली. यंदा दिले, पुढच्या वर्षी बघू, अशा पैशावर शाळा उभी राहिली नसती. आपणही एका मुलाचा चार-पाच वर्षांचा पूर्ण खर्च आधी बाजूला काढावा आणि मगच त्याला हो म्हणावं.

नियमही नीट समजून घ्या. परदेशी पासपोर्ट घेतलेल्याची देणगी, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेची परकीय देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम तशी मानली जात नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा परकीय निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. त्यामुळे पैसा इकडून घेऊन तिकडे देण्यापुरता न्यास मध्ये ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मुलांचे फोटो मागू नका. संस्थेतल्या मुलाची ओळख मंडळाच्या अंकात वा कुठल्याही माध्यमात उघड करायला कायद्याची मनाई आहे. आभाराचं पत्रही नको. त्यापेक्षा मुलांच्या सोबतीला माणूस शोधा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणारी आपली भावंडं आहेत, निवृत्त शिक्षक असलेले काका-मामा आहेत. त्यांच्यापैकी कुणी अनाथ प्रमाणपत्रासाठी एका मुलीबरोबर ठाण्याच्या सरकारी कचेरीत जायला तयार आहे का, हे या आठवड्यात फोन करून विचारा. तयार असेल, तर संस्थेशी बोलून मुलीच्या खोलीच्या डिपॉझिटची रक्कम ठरवा.