निवेदनांची जाड फाईल आणि मुदतीचा फास

मागासवर्गीय कर्मचाऱ्यावर अन्याय झाला की तो पहिले काम काय करतो? निवेदन देतो. उत्तर येत नाही. मग स्मरणपत्र देतो. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना घेऊन मंत्रालय गाठतो, मंत्र्यांकडून 'तपासून सादर करावे' असा शेरा मिळवतो आणि समाधानाने घरी येतो. अशी चार-पाच वर्षे निघून जातात. पोचीच्या शिक्क्यांनी फाईल जाडजूड होते. शेवटी तो 'मॅट'मध्ये जातो, तेव्हा समोरून एकच वाक्य येते : अर्ज मुदतबाह्य आहे. अन्याय झाला की नाही, हा प्रश्न मग उघडलाच जात नाही!

हे सारे कायद्याच्या चौकटीत घडते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 21 प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. अपील किंवा निवेदन दिले आणि सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. म्हणजे 1 जुलै 2023 रोजी निवेदन दिले असेल आणि खाते गप्प बसले असेल, तर 2024 च्या डिसेंबरअखेर दार बंद. त्यानंतर दिलेली दहा स्मरणपत्रे ही मुदत एका दिवसानेही वाढवीत नाहीत. एस. एस. राठोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 1989 मध्येच सांगून ठेवले आहे की, नियमांत नसलेली वारंवार निवेदने मुदतीच्या हिशेबात धरली जाणार नाहीत. सी. जेकब प्रकरणात (2008) तर शिळ्या मागणीला खात्याने आज उत्तर दिले, तरी ती मागणी जिवंत होत नाही, असे ठरले. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध खात्यातल्या अपिलाची मुदत याहून तोकडी आहे. केंद्राच्या 1965 च्या आणि महाराष्ट्राच्या 1979 च्या नियमांत ती केवळ 45 दिवस आहे.

मुदत असावी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ती कोणावर कशी पडते याचा. तरसेम सिंग प्रकरणात (2008) न्यायालयाने एक भेद केला. पगार किंवा पेन्शन चुकीचे बसले, तर तो दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय. तेथे उशिरा आलेल्यालाही दाद मिळते, थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच. पण प्रश्न ज्येष्ठतेचा वा पदोन्नतीचा असेल, म्हणजे दुसऱ्यांचे हक्क हलणार असतील, तर उशीर माफ नाही. सदाशिवस्वामी प्रकरणात 1974 साली पदोन्नतीसाठी सहा महिने, फार तर एक वर्ष, अशी रेघ ओढली गेली होती. आता पाहा, जात काम करते कुठे? वेतनश्रेणीच्या तक्त्यात नव्हे. ती काम करते गोपनीय अहवालात, ज्येष्ठता यादीत, बिंदुनामावलीत आणि पदोन्नती समितीच्या बैठकीत. जिथे जात सर्वात जास्त चालते, तिथेच मुदत सर्वात कडक!

1917 साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकीत. तो भेद उघड्या डोळ्यांना दिसत होता. आजचा साहेब फाईल हातात देतो, चहाही पाजतो आणि अहवालात 'अत्युत्कृष्ट'ऐवजी 'चांगला' लिहून मोकळा होतो. तो शेरा जातीमुळे आला, हे कळायला शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काय मिळाले ते कळावे लागते. ते कळायला कागद लागतात, माहिती अधिकारातले अर्ज-अपिले लागतात. मुदतीचे घड्याळ मात्र आदेशाच्या तारखेपासूनच सुरू झालेले असते.

आणि प्रशासनाचे घड्याळ? विभागीय चौकशी सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रेमनाथ बाली प्रकरणात 2015 मध्ये सांगितले. तरीही वर्षानुवर्षे लोंबकळणाऱ्या चौकश्या कोणत्या कार्यालयात नाहीत?

आपल्याकडे आणखी एक समज पक्का आहे की, अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार केली म्हणजे काम झाले. आयोगाकडे जरूर जावे. कलम 338 ने त्याला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. पण तो मनाई हुकूम देऊ शकत नाही, हे इंडियन ओव्हरसीज बँक कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात 1996 मध्येच ठरले आहे. आयोगापुढे गेलेला काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद कलम 21 मध्ये नाही. ती दुरुस्ती संसदेकडे मागायला हवी. तसेच, प्रत्येक प्रतिकूल आदेशाच्या तळाशी अपील कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे हे छापण्याची सक्ती राज्य सरकार साध्या शासन निर्णयाने करू शकते. आपल्या संघटनांनी सत्कार समारंभांच्या निवेदनात ही मागणी एकदा तरी घातली आहे काय?

ज्यांची मुदत आधीच उलटली आहे, त्यांच्यासाठी कलम 21(3) खाली विलंब माफीचा अर्ज आहे. त्यात 'मी निवेदने देत होतो' एवढेच लिहून भागत नाही. कागद कधी मागितले, कधी नाकारले, कधी हाती आले, हे तारीखवार मांडावे लागते. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, अगदी 'चांगला' हीसुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे देव दत्त (2008) आणि सुखदेव सिंग (2013) या निकालांनी बंधनकारक केले आहे. तेव्हा अहवालाची प्रत दरवर्षी मागून घ्यावी, ती मिळाल्याची तारीख त्यावरच लिहावी आणि संघटनेच्या कार्यालयात एक वही ठेवावी : आदेशाची तारीख, 45 वा दिवस, सहावा महिना, अठरावा महिना.