दावणीचा नियम दावणीच्या भाषेत हवा

दिवाळीच्या पाडव्याला बेळगावच्या गवळी मंडळींचा थाट पाहावा. शिंगे रंगवलेल्या, गळ्यात माळा घातलेल्या म्हशी पळवल्या जातात आणि लोक दुतर्फा गर्दी करून पाहतात. पाडवा सरला की याच म्हशींची शहराला अडचण वाटू लागते. शेण गटारात गेले, म्हैस रस्त्यात बसली, अशा तक्रारी सुरू होतात. या तक्रारी खोट्या नाहीत. शहरात जनावर पाळायचे तर नियम हवेत, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने नियम पाळायचा त्याला तो वाचता आला पाहिजे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचा शहराच्या कडेला चार म्हशींचा गोठा आहे. एके दिवशी त्यांच्या हाती एक कागद पडला, निव्वळ कन्नडमधला. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. घरपट्टीचे काही असेल म्हणून त्यांनी तो कॅलेंडरमागे खोचला. पंधरा दिवसांनी त्यांची म्हैस कोंडवाड्यात गेली. दंड भरला, दोन वेळची धार बुडाली ती वेगळीच. मग कागद घेऊन ते आमच्याकडे आले. गोठा स्वच्छ ठेवा, जनावरे मोकळी सोडू नका, एवढेच त्यात लिहिले होते. ते म्हणाले, ‘‘मास्तर, एवढंच होतं व्हय? मराठीत सांगितलं असतं तर बांधली नसती काय?’’ आम्ही निरुत्तर झालो.

म्हशीचे दंडावर भागले. कुत्र्याच्या बाबतीत गाठ थेट जिवाशी असते. पाळीव कुत्र्याचे लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, असे केंद्राचे 2023 चे नियम सांगतात. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे, मात्र रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडू नयेत आणि खाऊ घालायचे ते ठरवून दिलेल्या जागीच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी दिला. यातले आमच्या खेड्यांत किती जणांपर्यंत पोचले? कुत्रे चावले की चुना, हळद वा तिखट लावणारी घरे अजून आहेत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, लगेच दवाखाना गाठावा आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पुरी करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की बहुधा कोणताच इलाज चालत नाही. ही माहिती आजीला समजेल अशा भाषेत घरात गेली नाही, तर ती छापूनही न छापल्यासारखीच.

मराठीत सूचना मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे देशाने मान्य केलेले संरक्षण आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक 18 टक्क्यांहून अधिक होते. कन्नडला आमचा विरोध नाही. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात आणि ती शिकावीच. पण सूचना बजावायची असते ती गोठ्यातल्या म्हाताऱ्यावर, शाळेतल्या पोरावर नव्हे. कन्नडखाली मराठीच्या चार ओळी छापल्याने कन्नडचे काय उणे होणार?

आता थोडे आपल्याविषयी. भाषेचे कारण पुढे करून जनावर रस्त्यावर सोडण्याची मुभा कोणाला मिळत नाही. दारातल्या कुत्र्याला लस न टोचणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्ही समितीवाले मोर्चाला गावोगावची माणसे जमवतो, पण असा एखादा कागद मराठीत उतरवून गल्लीच्या फलकावर लावण्याचे काम आम्हीही केलेले नाही. हा आमचाच दोष आहे.

तेव्हा दोन्ही कामे एकदम व्हावीत. प्रत्येक गावाने व प्रभागाने मराठी सूचनेसाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. उत्तर येईपर्यंत गावातल्या शिक्षकाने कन्नड जाणणाऱ्या मुलांना हाताशी घेऊन ते नियम मराठीत लिहावेत आणि दूध संकलन केंद्रावर चिकटवावेत. सकाळ-संध्याकाळ सारा गाव तेथे येतोच.